पहिला आकडा

ऑनर कसननं पहिल्याच आकड्याला "बरं" म्हटलं आणि फोन ठेवून दिला, तेव्हा मॅलकी टूही सार्सफील्ड पुलाच्या तोंडाशी लाल सिग्नलला उभा होता. सोमवार, सकाळचे पावणेनऊ, नोव्हेंबरातली ती चिकट झिमझिम. पुलाखाली शॅनन नदी भरतीनं फुगली होती आणि तिच्या मातकट पाण्यावर दोन हंस, इलाज नाही म्हणून बसल्यासारखे, वाऱ्याकडे पाठ करून बसले होते. "तीन सत्तर," एवढंच तो म्हणाला होता. नेहमीच्याच सुरात म्हणाला होता. जरा खालच्या पट्टीत, थोडं ओशाळून, हा आकडा माझा नाही, वरून आलाय, असं सुचवत. आणि मग गेली एकवीस वर्षं करत आला तसा, मान सीटला टेकवून वाट बघत राहिला होता. आता ती काहीतरी बोलेल. निदान नाकातून हसेल. पण ती म्हणाली, "बरं. चौदा आहेत. गुरुवारी लॉरी पाठव," आणि फोन बंद झाल्याचा सपाट आवाज गाडीभर पसरला. सिग्नल हिरवा झाला. मागच्या व्हॅनवाल्यानं हॉर्न दिला. रस्सीखेचीत समोरच्यानं एकदम दोर सोडून द्यावा आणि आपण आपल्याच जोरानं मागे कोलमडावं, तसं मॅलकीला झालं होतं. त्याला गिअर सापडेना.

पूल ओलांडून तो शहरात शिरला, पण मन पुलाच्या अलीकडेच राहिलं. एकतीस वर्षं तो मांसाच्या कारखान्यासाठी गुरं खरेदी करत होता. दर सोमवारी आठ वाजता प्रेंडरगास्ट साहेबांचा फोन यायचा. साहेब नमस्कार-चमत्कार करत नसत. "टूही, आज सत्तर बोल. ऐंशीपर्यंत जा. त्यापुढं मला विचारल्याशिवाय नाही." किलोमागे तीन युरो सत्तर सेंट, जनावर कापून, सोलून टांगल्यावर जे वजन भरतं त्या वजनावर. सत्तर आणि ऐंशी यांच्यामध्ये दहा सेंटांची एक चिंचोळी गल्ली होती आणि मॅलकीचं सगळं आयुष्य त्या गल्लीत गेलं होतं. कुणाला कुठवर येऊ द्यायचं, कुणाला कुठं अडवायचं, कुणाशी आधी हर्लिंगच्या सामन्याबद्दल बोलायचं आणि कुणाला आईच्या गुडघ्याबद्दल विचारायचं, हे सगळं त्याला त्या गल्लीतल्या फरशांसारखं पाठ होतं. पहिला आकडा कुणी घ्यावा म्हणून सांगायचाच नसतो. त्याचा बाप म्हणायचा, पहिला आकडा म्हणजे खाकरणं. घसा साफ केला, आता बोलायला लागू. आणि ऑनर कसननं, एवढ्या परगण्यात त्याला सगळ्यात जास्त दमवणाऱ्या बाईनं, त्याच्या खाकरण्यालाच उत्तर समजून फोन ठेवला होता.

बस स्टँडच्या मागं गाडी लावून त्यानं पुढचे फोन केले. ब्रफ गावचा एक जण म्हणाला, "सत्तर? सत्तरात मी माझं कुत्रंसुद्धा देणार नाही."

"कुत्र्याचा भाव आज आला नाहीये माझ्याकडं," मॅलकी म्हणाला.

"ऐंशी कर आणि घेऊन जा."

"पंचाहत्तर."

"अठ्ठ्याहत्तर. आणि लॉरीवाला तो मागच्या वेळचा नको. फाटक उघडं टाकून गेला."

"शहात्तर. लॉरीवाला बदलतो. आणि कुणाला सांगू नकोस."

हे शेवटचं वाक्य तो प्रत्येकालाच म्हणायचा. प्रत्येकाला वाटायचं, आपल्याला काहीतरी खास मिळालं. आणि शहात्तरवाला शहात्तर पोटात ठेवून ऐंशीवाल्याच्या शेजारी चर्चमध्ये गुडघे टेकायचा. मॅलकीला यात कधी काही वावगं वाटलं नव्हतं. आज मात्र ते वाक्य म्हणताना जिभेवर काहीतरी खरखरलं. ती आजारी असेल, त्याला वाटलं. एकाहत्तर म्हणजे काही लहान वय नाही. डॉक्टरनं काहीतरी सांगितलं असेल आणि आता पाच-दहा सेंटांचं तिला काही वाटेनासं झालं असेल. ही कल्पना मनात आली तसं त्यानं हातातला फोन बाजूला ठेवला आणि आपल्याला एवढं का वाटावं याचं त्याला नवल वाटत राहिलं. तिच्याशी त्याचं नातं तरी काय होतं? वर्षातून तीनदा तिची गुरं घ्यायची. प्रत्येक वेळी तिच्याकडून हरायचं.

हरायचंच. पहिल्यांदा तिच्या अंगणात पाऊल टाकलं त्या दिवसापासून. तिचा नवरा बॅट मार्चमध्ये गेला होता आणि मॅलकी जूनमध्ये गेला. तेव्हा तो सदतीसचा होता, केस दाट होते, आणि विधवा बाई म्हणजे सोपं काम असं त्याला कारखान्यातल्या जुन्या खोडांनी शिकवलं होतं. तेव्हा फोनवर सगळं उरकत नसे. गोठ्यात जाऊन, जनावरांच्या पाठीवर हात फिरवून बोलावं लागे. तिच्या पायांत बॅटचेच गमबूट होते, दोन नंबर मोठे, आणि ती चालली की ते पच्-पच् वाजत. त्यानं भाव सांगितला. बॅटला सांगितला असता त्यापेक्षा चांगलाच खाली. ती एका तांबड्या गोऱ्ह्याच्या कपाळावरचा भोवरा बोटानं सारखा करत राहिली आणि मग अगदी साध्या आवाजात, चहात साखर किती विचारावं तसं तिनं विचारलं, "हा आकडा तू बॅटसाठी आणला होतास, की माझ्यासाठी?" मॅलकीचे कान तापले. आजही त्या गोठ्याचा वास आठवला, मुरघासाचा आंबूस आणि ओल्या केसांचा, की कान तापल्यासारखे वाटायचे. त्या दिवशी तिला बॅटपेक्षा चार पैसे जास्त देऊन तो परत आला होता आणि साहेबांना म्हणाला होता, गुरं फार चांगली आहेत.

गुरं चांगली होतीच. पण त्याला कौतुक वाटायचं ते तिच्या नजरेचं. ती कधी खोटं वजन सांगत नसे. बाकी सगळे दहा-पंधरा किलो फुगवून सांगत, आणि तोही मनात तेवढे वजा करून ऐके. त्याचंही एक गणित ठरून गेलेलं होतं. ही बाई म्हणायची, "सरासरी तीनशे बासष्ट पडतील," आणि कारखान्यातल्या काट्यावर तीनशे एकसष्ट पडायचे. वजनकाटा नाही, फीत नाही. नुसता हात कमरेवर ठेवून बघायची. गरज कुणाला जास्त आहे हेही तिला कुठून कळायचं कोण जाणे. पुष्कळ वर्षांनी त्याला उलगडा झाला की कारखान्याच्या दारासमोर चहा-पावाची गाडी लावणारी ती तिची मामेबहीण. सकाळी किती लॉऱ्या आत गेल्या याचा हिशोब नॉकारडाच्या टेकडीवर तिच्या घरी नऊच्या आत पोचलेला असायचा. "दारात गर्दी नाही आज, मॅलकी," ती म्हणायची. "उद्या पट्टा थांबणार की काय तुमचा?" आणि गुरं कमी पडून कारखान्यातला पट्टा खरंच थांबायच्या बेतात असायचा. तेव्हा त्याला राग यायचा, पण त्या रागाच्या तळाशी एक आनंद असायचा. चांगल्या गवयासमोर तबल्याला बसणाऱ्याला होत असेल तसा. संध्याकाळी तो घरी येऊन बायकोला, इटाला, सांगायचा, "आज पुन्हा लोळवलं मला तिनं," आणि सांगताना चेहऱ्यावर हसू असायचं.

त्या सोमवारी संध्याकाळी त्यानं इटाला हेही सांगितलं. ती शहरातल्या वाचनालयात काम करायची आणि दिवसभर हळू बोलून आल्यामुळं घरी आल्यावर तिचा आवाज जरा मोठाच असायचा.

"मग बरंच झालं की," ती बटाटे सोलता सोलता म्हणाली. "स्वस्तात मिळाले. साहेब पाठ थोपटतील."

"ती तशी नाहीये."

"कशी नाहीये?"

"पहिल्या आकड्याला हो म्हणणारी."

इटानं सुरी थांबवली. "मॅलकी, तू कमी आकडा सांगितलास. बाईनं हो म्हटलं. आणि आता तूच तोंड पाडून बसलायस. तुला नक्की काय हवं होतं?"

तो खिडकीशी जाऊन उभा राहिला. समोरच्या घराच्या छपरावर दिव्याच्या उजेडात झिमझिम आडवी उडत होती. त्याला बाप आठवला. गुरांच्या जत्रेच्या दिवशी किलमॅलकच्या रस्त्यावर सकाळपासून गुरं उभी असायची आणि बाप त्यांच्यातून वाट काढत हिंडायचा. तो ना विकणारा, ना घेणारा. मधला माणूस. दोघांचं अडलं की हा जाऊन दोघांची मनगटं धरायचा आणि एकाचा तळवा दुसऱ्याच्या तळव्यावर आपटायचा. "फरक वाटून घ्या. चला, उगाच दिवस घालवू नका." भोवती वीस-पंचवीस माणसं कोंडाळं करून उभी असायची आणि आकडा सगळ्यांच्या कानांवर पडायचा. बुजऱ्या माणसाला बोलावंच लागायचं नाही. तो टोपी चुरगाळत उभा राहायचा आणि त्याच्या वतीनं बाप भांडायचा. एकदा एका म्हाताऱ्याला घेणाऱ्यानं फारच खालचा आकडा सांगितला तेव्हा बापानं त्या माणसाचं मनगट धरलं, पण तळव्यावर आपटलं नाही. नुसतं धरून ठेवलं. कोंडाळं गप्प झालं. मॅलकी तेव्हा सात वर्षांचा असेल; घेणाऱ्याच्या गळ्यातली गाठ खालीवर झालेली त्याला दिसली होती. मग आकडा आपोआप वर आला. हे इतकी वर्षं त्याला का आठवलं नव्हतं? आणि आता आठवून करायचं काय, जत्रा तर त्याच्या लग्नाआधीच बंद पडल्या.

बुधवारी दुपारी तो नॉकारडाला गेला. गुरं बघायची आहेत असं त्यानं स्वतःलाच कारण दिलं. गॅल्टीच्या डोंगरावर ढग गुडघ्यापर्यंत उतरले होते. ऑनर अंगणात होती. आजारी वगैरे काही नव्हती. फावड्यानं गोठ्याच्या दारातली घाण ओढत होती आणि त्याची गाडी बघून तिनं फावडं थांबवलं नाही. त्याला एवढं हायसं वाटलं की तो गाडीतून उतरताना उंबऱ्यासारख्या दगडाला अडखळला.

"अरे, हातपाय मोडून घेशील," ती म्हणाली. "मग माझी गुरं कोण नेणार? ये, बघायला आला असशील तर बघून घे."

चौदा गोऱ्हे गवताच्या बिछान्यावर रवंथ करत बसले होते. एकसारखे, रुंद पाठीचे, केस चकचकीत. ती आत शिरली तसे उठले, पण घाबरून नव्हे. आपली बाई आली म्हणून उठल्यासारखे. बघता बघता त्याला लाज वाटायला लागली. सत्तरात ही गुरं न्यायची म्हणजे चोरीच.

"किती पडतील?" त्यानं विचारलं.

"तीनशे अठ्ठावन्न."

"मिसेस कसन," तो म्हणाला. "सोमवारी तुम्ही काही बोलला नाहीत."

"बोलले की. बरं म्हटलं."

"तेच."

तिनं फावडं भिंतीला टेकवलं आणि त्याच्याकडं पाहिलं. डोळे अजून तसेच, निळसर राखाडी, वजन करणारे. "चल आत. उभ्या उभ्या बोलायची गोष्ट नाही ही."

स्वयंपाकघरात उबारा होता. तिनं चहा ओतला, काळ्या पावाच्या जाड फाकेवर लोणी फासलं, आणि समोर बसून टेबलावरचे तुकडे तळहातानं गोळा करत बोलायला लागली. "मॉस लेनिहानची अकरा गुरं तू मागच्या आठवड्यात नेलीस."

"हो." मॉस म्हणजे तिचा शेजारी, बांधाला बांध लागलेला. पन्नाशीचा, उंच, एकटा. आई गेल्यापासून त्या घरात रेडिओशिवाय आवाज नाही. फोनवर बोलताना त्याला धाप लागायची. मॅलकीनं आकडा सांगायचा आणि मॉसनं म्हणायचं, "तू म्हणशील तसं." अर्ध्या मिनिटात काम.

"सत्तर दिलेस त्याला."

"हो."

"मला त्याच आठवड्यात कुणाकुणाला काय दिलंस ते ठाऊक आहे. कुणाला अठ्ठ्याहत्तर, कुणाला ऐंशी. ते राहू दे, तो तुमचा धंदा आहे. पण रविवारी चर्चमधून बाहेर पडताना मॉस माझ्याजवळ आला. आपणहून. तुला माहीत आहे तो आपणहून कुणाजवळ जात नाही. म्हणाला, मॅलकीनं मला फार चांगला भाव दिला, सांगू नको म्हणालाय म्हणून आकडा सांगत नाही. पण चेहरा कसा उजळला होता. शेवटी न राहवून सांगितलान. सत्तर. कानात सांगितलान, रे. कुणाला हेवा वाटायला नको म्हणून."

मॅलकीनं कप उचलला आणि न पिता खाली ठेवला.

"त्याची गुरं माझ्यापेक्षा सरस आहेत," ती म्हणाली. "माझ्या अडलेल्या गाई सोडवायला रात्री-अपरात्री तो येतो, आणि दारातून परत जातो, चहाला थांबत नाही. मी त्याला काही बोलले नाही. काय बोलायचं? घरी आले आणि मला वाटायला लागलं, मी एकवीस वर्षं तुझ्याशी भांडत आलेय, तेव्हा मला मिळतं. पण जो भांडत नाही, जो तुझ्यावर विश्वास टाकतो, त्याला काय मिळतं? म्हटलं, एकदा आपणही विश्वास टाकून बघावं. सोमवारी तुझा फोन आला. टाकला."

ती रागानं बोलत नव्हती. रेडिओवर कुणीतरी मृत्यूंच्या बातम्या वाचत होतं, गाव, नाव, कोणत्या चर्चमध्ये; ती हात लांब करून आवाज कमी करेपर्यंत तो ऐकत राहिला.

"तुमच्या गुरांना मी आत्ता ऐंशी देतो," तो म्हणाला.

"नको."

"तुम्ही ऐंशी घेतलीच असतीत. मला माहीत होतं."

"घेतली असती. पण घेतली नाही. मी बरं म्हटलं, म्हणजे सौदा झाला. माझा शब्द मोडायला लावू नकोस, मॅलकी, या वयात नवी सवय लागायची."

"मॉसचे पैसे आता देता येत नाहीत. चेक गेलाय. साहेब—"

"मला माहीत आहे. म्हणून तर मी काही मागत नाहीये." तिनं गोळा केलेले तुकडे बशीत टाकले. "पाव खा. शहरात असा मिळत नाही."

त्यानं खाल्ला. चव लागली नाही, पण शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ला.

गुरुवारी तो कारखान्यात मुद्दाम थांबला. एरवी सौदा झाला की पुढं काय होतं ते बघायला तो जात नसे. टांगलेली धडं एकामागून एक काट्याखालून सरकत होती. थंडगार, पांढऱ्या दिव्यात उजळलेली. कसन, नॉकारडा. चौदा. त्यानं स्वतः बेरीज केली, भागाकार केला. तीनशे अठ्ठावन्न, आणि वर चारशे ग्रॅम. मांसाची प्रत नेहमीप्रमाणं उत्तम. आणि त्यापुढच्या रकान्यात, चौदा ओळींवर चौदा वेळा, तीन सत्तर. बाजूच्या यंत्रातून कागद खर्रकन बाहेर आला. त्यावरचा भावाचा आकडा बदलायला फक्त एक सही पुरली असती. त्याच्या खिशात पेन होतं. तो बराच वेळ तो कागद धरून उभा राहिला. मग त्याला वाटलं, सही करून आपण फक्त स्वतःला हलकं करणार आहोत. पाचशे युरो तिनं मुद्दाम टाकून दिले होते, त्याच्यासमोर, टेबलावर ठेवावेत तसे. कशासाठी? तो लोकांना फसवतो हे सिद्ध करायला नाही. ते तिला वीस वर्षं माहीत होतं. त्यानं ते एकदा डोळ्यांनी बघावं म्हणून. एवढी किंमत मोजून कुणी कधी त्याला काही दाखवलं नव्हतं. त्यानं कागद तसाच पुढं सरकवला.

मग शुक्रवार, शनिवार, रविवार. इटाबरोबर तो नदीकाठानं फिरायला गेला, सामना बघितला, गटार साफ केलं. आणि सगळा वेळ डोक्यात माणसं येत राहिली. पहिल्याच आकड्याला बरं म्हणणारी माणसं. हॉस्पिटल नावाच्या गावातला तो बहिरा होत चाललेला गृहस्थ, ज्याला अर्धं ऐकू यायचं आणि परत विचारायची लाज वाटायची. एकमेकांशी न बोलणारे ते दोन भाऊ, ज्यांच्यापैकी जो फोन उचलेल तो घाईघाईनं हो म्हणायचा, दुसऱ्यानं ऐकायच्या आत. बायको गेल्यापासून आवाज बसलेला तो निवृत्त मास्तर. आणखी पाच-सहा. त्याला एकाएकी जाणवलं की दर सोमवारी तो या लोकांना सगळ्यात शेवटी फोन करायचा. भांडणारे आधी, हे नंतर. जेवणानंतर गोड खावं तसे हे त्यानं राखून ठेवलेले असायचे. दिवसभर दमल्यावर कुणीतरी आपल्याशी चांगलं वागावं म्हणून तो त्यांना फोन करायचा. आणि ते चांगलं वागायचे, आणि त्याबद्दल तो त्यांना दहा सेंट कमी द्यायचा. नदीकाठच्या रेलिंगला धरून तो उभा राहिला. "काय झालं?" इटानं विचारलं. "काही नाही," तो म्हणाला. "एक-दोन फोन करायचेत उद्या." तिनं त्याच्याकडं नीट पाहिलं आणि त्याच्या कोटाची वरची गुंडी लावून दिली.

सोमवारी आठ वाजता साहेब म्हणाले, "सत्तर. ऐंशीपर्यंत. त्यापुढं विचारून."

"साहेब, मी आज सगळ्यांनाच ऐंशी सांगणार आहे."

पलीकडं कागद चाळायचा आवाज थांबला. मग, "तब्येत बरी आहे ना तुझी, टूही?"

"बरी आहे. ऐंशी द्यायची तयारी आहे ना आपली? मग ऐंशी सांगतो."

"आणि जे ऐंशीवर भांडतील?"

"ते भांडतीलच."

"मग तू आणि ते लोक बघून घ्या. पण महिनाअखेर भावाची सरासरी माझ्या टेबलावर येते, लक्षात ठेव," साहेब म्हणाले, आणि फोन ठेवला.

त्यानं या वेळी शेवटच्यांपासून सुरुवात केली. बहिऱ्या गृहस्थाला ऐंशी तीनदा ओरडून सांगावी लागली. दोघा भावांपैकी थोरला "बरं" म्हणाला आणि मग गडबडून, "पण मागच्या वेळेपेक्षा जास्त आहे हे, चूक झाली नाही ना?" असं विचारता झाला. ब्रफच्या त्या माणसाला ऐंशी ऐकून संशयच आला. आज बाजारात काहीतरी पेटलंय अशी त्याची खात्री पटली आणि तो नव्वदीवर जाऊन बसला. मॅलकी घामाघूम झाला. आपण एकतीस वर्षांत बांधलेलं काहीतरी आपल्याच हातानं उसवतोय आणि धागा कुठं जाऊन थांबणार ते दिसत नाही, असं त्याला वाटत होतं. आणि तरी छातीत, कितीतरी दिवस बंद असलेली खिडकी उघडल्यासारखं थंड, स्वच्छ काहीतरी शिरत होतं. शेवटी त्यानं गाडी क्रूम गावाच्या रस्त्याच्या कडेला घेतली आणि मॉस लेनिहानला फोन लावला. मॉसची नऊ गुरं अजून उरली होती.

"मॉस, मॅलकी बोलतोय. आज—"

"थांब, मॅलकी," मॉस म्हणाला. धाप लागलेलीच होती. "एक मिनिट. मी लिहून ठेवलंय." कागदाचा आवाज आला. मग शाळेत कविता म्हणावी तशा एकसुरी आवाजात त्यानं वाचायला सुरुवात केली. "माझी नऊ गुरं आहेत. सरासरी तीनशे सत्तर पडतील. चरबी बेताची आहे. मुरघास भरपूर आहे. मला घाई नाही. पंधरा दिवस थांबायची माझी तयारी आहे." तो थांबला. "पुढं लिहिलंय की आता तू बोलायचं."

अक्षर कुणाचं असेल ते मॅलकीला न बघता कळलं. नॉकारडाच्या त्या टेबलाशी हा सहा फुटी माणूस अंग चोरून बसला असेल, समोर चहा, या खेपेला थांबून प्यायलेला, आणि ती म्हणत असेल, परत वाच, घाई करू नकोस. त्याला हसू आलं आणि त्याच वेळी डोळ्यांत पाणीही आलं.

"ऐंशी, मॉस," तो म्हणाला.

पलीकडं श्वास ऐकू येत होता. दूर कुठंतरी कुत्रं भुंकलं. "यापुढं जाता येईल का?" मॉसनं विचारलं. हे वाक्य कागदावरचं नव्हतं. ते फार हळू आलं होतं.

मॅलकीपाशी आता गल्ली उरली नव्हती. त्यानं मॉसला थांबायला सांगितलं, साहेबांना फोन केला, तीनशे सत्तर किलोची नऊ गुरं हातची जातायत म्हणून सांगितलं, आणि जन्मात कधी कारखान्याशी भांडला नव्हता तसा चार मिनिटं भांडला. साहेब शेवटी म्हणाले, "त्र्याऐंशी, आणि परत माझ्याकडं येऊ नकोस." त्यानं मॉसला पुन्हा लावलं. "त्र्याऐंशी. याच्यापुढं खरंच नाही. देवाशपथ नाही."

"बरं," मॉस म्हणाला. आणि मग, "मॅलकी, एक विचारू?"

"विचार."

"मागच्या वेळी तू मला किती कमी दिले होतेस?"

रस्त्यावरून दुधाचा टँकर गेला आणि गाडी हलली. एकाला दिलेला भाव दुसऱ्याला सांगायचा नाही, आणि आपल्याला कुठवर जाता येत होतं हे तर कुणालाच नाही. या एका गोष्टीवर त्याची एकतीस वर्षं उभी होती. स्टिअरिंगवरचे आपले हात त्याला दिसत होते. बापाच्या हातांसारखेच, आखूड बोटांचे.

"दहा," तो म्हणाला. "किलोमागे दहा सेंट. तू मागितले असतेस तर मिळाले असते."

आता मॉस फोन ठेवेल, मॅलकीला वाटलं. ठेवावाही.

"काल ऑनर म्हणाली, हे विचारू नकोस, तो सांगायचा नाही," मॉस म्हणाला. "मी म्हटलं, सांगेल. मॅलकी सांगेल." मग जरा थांबून, "लॉरी गुरुवारी सकाळी पाठव. दुपारी मी घरी नाही," आणि फोन बंद झाला.